बिनदांडीचा ए

"काका, हे ए अर्धेच राहिलेत." बँकेतल्या मुलीने फॉर्म परत सरकवला.

खरंच की! एकाही ए ला आडवी दांडी नाही. नुसती छपरं.

ही पाम पायलटची, म्हणजे तळहातावर मावणाऱ्या छोट्या संगणकाची देणगी. १९९६ सालचं मॉडेल, मी घेतलं सेकंडहँड. त्याच्या पडद्यावर काडीने, त्याच्याच ग्राफिटी नावाच्या लिपीत लिहायचं. ए म्हणजे उलटा व्ही, काडी न उचलता एका फटक्यात. त्याला माझं अक्षर कळेना, म्हणून मीच त्याचं गिरवलं. पण दोन बारीक पेन्सिल सेलवर गडी आठवडेच्या आठवडे चालायचा! आताचा फोन माझं बोलणंसुद्धा समजतो, आणि संध्याकाळी चार्जर मागतो.

दांड्या देत बसलो. सहा निघाल्या.

"सहीतही द्या ना."

सहीत कशी देऊ? तुमच्याकडे ती तशीच नोंदलेली आहे!