एमआरआयनं जागा दाखवली, कारण गोठ्यात सापडलं

संध्याकाळी कणकण, रात्री घामानं अंथरूण ओलं, कंबर धरलेली. आमच्याकडे असं झालं की पहिलं नाव टीबीचं निघतं. माझ्या बाबतीतही तेच निघालं. छातीचा एक्स-रे मात्र स्वच्छ. मग पाय जड पडायला लागले, लघवी अडखळू लागली, तेव्हा मिरजेला न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी तळपायावर किल्ली ओढली, अंगठा वर गेला, ही मेंदू किंवा मज्जारज्जूत बिघाड असल्याची खूण, आणि लगेच पूर्ण मणक्याचा एमआरआय लिहून दिला, कॉन्ट्रास्टसह, म्हणजे चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून औषध देऊन.

कुणी जाणार असेल तर क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचा, रिपोर्ट आधीच करून न्यावा, कॉन्ट्रास्ट देण्याआधी तो मागतात. करगोटा, ताईत सगळं उतरवावं लागतं. लघवी तुंबत असेल तर तसं टेक्निशियनला आधी सांगा. मशीनची खडखड परवडली, पण फुगलेलं पोट घेऊन निश्चल पडणं नको.

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. मज्जारज्जू करड्या दोरीसारखी दिसते. डी-५ ते डी-१० या पाठीच्या मणक्यांच्या पातळीत तिच्या आत लांब पांढरा पट्टा होता, आणि तिथं ती सुजलीही होती. तीन किंवा जास्त मणक्यांच्या लांबीचा असा पट्टा म्हणजे लांब पल्ल्याचा मायलायटिस, मज्जारज्जूचा दाह. कॉन्ट्रास्टनंतर भोवतालचं आवरण आणि खालची मज्जातंतूंची मुळंही चमकत होती. मणके आणि चकत्या शाबूत. मणक्याचा टीबी बहुधा हाड पोखरतो, बाजूला पू साठवतो. तसं काही नव्हतं. म्हणजे टीबी नाही? तसंही नाही, आवरणाचा टीबी असाच दिसू शकतो. एनएमओ हा प्रतिकारशक्ती उलटून होणारा आजारसुद्धा असाच लांब पट्टा देतो. त्याची रक्तचाचणी निगेटिव्ह आली. पाठीत सुई घालून काढलेल्या, मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात पेशी वाढलेल्या, प्रथिनं जास्त, साखर कमी. पुन्हा टीबीकडेच बोट!

मग डॉक्टरांनी विचारलं, "घरी जनावरं आहेत का? एखादं गाभडलं होतं का?"

मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "म्हैस गाभडली होती की. वार अडकली, ती ह्यांनीच काढली." आमच्या भागात ते काम घरचा माणूसच करतो, हातमोजे कोण घालतंय.

ब्रुसेलोसिससाठीची रोज बेंगाल ही रक्तचाचणी पॉझिटिव्ह, अ‍ॅग्लुटिनेशन या दुसऱ्या रक्तचाचणीत अँटिबॉडीजचं प्रमाण (टायटर) १:६४० इतकं चढं, पाठीतल्या पाण्यातही अँटिबॉडीज. न्यूरोब्रुसेलोसिस, म्हणजे मज्जासंस्थेत शिरलेला ब्रुसेलोसिस. या जंतूंनी जनावरं गाभडतात, आणि वार हाताळताना किंवा कच्च्या दुधातून ते माणसात येतात. जनावरांमध्ये ब्रुसेलोसिस आपल्याकडे नवा नाही, पण माणसाच्या मज्जारज्जूपर्यंत तो क्वचितच पोचतो.

सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची इंजेक्शनं झाली. डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन कित्येक महिने. रिफाम्पिसिन टीबीतही देतात. त्यामुळे नुसत्या टीबीच्या गोळ्यांवर थोडा उतार पडून खरा आजार दबून राहिला असता, असं डॉक्टर म्हणाले. ते ऐकून मात्र मी हबकलो.

पुढच्या एमआरआयमध्ये सूज आणि चमक गेली होती, पट्टा आखडला होता. मज्जारज्जू त्या जागी किंचित बारीक राहिली आहे. चालतो, पळता येत नाही. गोठ्यातल्या जनावरांचं रक्त तपासून घेतलं. ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना सरकारी मोहिमेत लस मिळते. ती जिवंत जंतूंची असल्यानं टोचणारे डॉक्टर स्वतः हातमोजे आणि चष्मा घालून आले होते. घरातल्या सगळ्यांचीही रोज बेंगाल केली. वडिलांची निगेटिव्ह आली, आणि तेवढ्या जोरावर त्यांनी धारोष्ण दुधाचा हट्ट पुन्हा धरला आहे.