गौणवाक्यांची वही: चौथी वही संपली, एक तक्ता फाडला

मंडळी, चौथी वही संपली. शेवटची सात-आठ पानं खाडाखोडीनं काळी झाल्यात, आणि त्यातून जे निघालं ते आधी सांगतो. मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात इंग्रजी गौणवाक्य (मोठ्या वाक्याच्या आत बसवलेलं दुय्यम वाक्य) ओळखायचा एक तक्ता दिला होता. 'दॅट', 'व्हॉट', 'व्हेदर' दिसलं की नामवाक्य, 'हू', 'विच' दिसलं की विशेषणवाक्य, 'व्हेन', 'इफ', 'बिकॉज' दिसलं की क्रियाविशेषणवाक्य. ज्यांनी तो उतरवून घेतला असेल त्यांनी फाडून टाका. मी फाडलाय. शाळेत आमच्याकडून तसाच पाठ करून घेतला होता, आणि तीस वर्षं तो खिशात घेऊन फिरलो.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. मी कोल्हापुरात उद्यमनगरात मशीन शॉपमध्ये आहे. आधी लेथवर होतो, आता तपासणीच्या टेबलावर. संध्याकाळी घरी आलो की इंग्रजी वाक्यांचे नकाशे काढतो. पद्धत जुनीच. ब्रुकलिनमधल्या रीड आणि केलॉग या दोन शिक्षकांनी ती 1877 च्या त्यांच्या पुस्तकातून रूढ केली. एक आडवी रेघ ओढायची आणि तिला आरपार छेदणारी उभी रेघ मारायची. डावीकडं कर्ता, उजवीकडं क्रियापद. कर्म असेल तर आणखी एक उभी रेघ, पण ती आडव्या रेघेवर टेकून थांबते, खाली उतरत नाही. ड्रॉइंग वाचण्यात हयात गेलेल्या माणसाला हे बघताक्षणी आवडतं.

गौणवाक्य आलं की खरी मजा. ते नामाचं काम करत असेल तर त्या नामाच्या जागी खांब उभारायचा आणि त्याच्या डोक्यावर सगळं वाक्य बसवायचं. विशेषणाचं काम करत असेल तर खाली वेगळी आडवी रेघ, आणि वरच्या नामापासून खालच्या 'हू' किंवा 'विच'पर्यंत तुटक रेघ. क्रियाविशेषणाचं असेल तर तुटक रेघ क्रियापदापासून क्रियापदापर्यंत जाते आणि जोडणारा शब्द त्या रेघेवरच लिहायचा. म्हणजे रेघ कुठं टेकवायची हे ठरल्याशिवाय पेन्सिल पुढं सरकत नाही. माझा तक्ता तिथंच अडकला.

अडकवलं ते आमच्या भोंग्यानं. ही तीन वाक्यं बघा:

'व्हेन द सायरन ब्लोज, वी स्टॉप द मशीन.'
'आय नो व्हेन द सायरन ब्लोज.'
'आय रिमेंबर द डे व्हेन द सायरन डिड नॉट ब्लो.'

'व्हेन' तिन्हीत तेच. पहिल्यात मशीन कधी थांबवतो ते कळतं, म्हणून तुटक रेघ 'स्टॉप'ला. दुसऱ्यात मला काय ठाऊक आहे, तर ते. हे सरळ कर्म झालं, खांब उभारा. तिसऱ्यात कुठला दिवस, तर भोंगा वाजला नाही तो. रेघ 'डे'ला. दारात उभा असलेला शब्द बघून घरात कोण राहतं ते कळत नाही, आत जाऊन कोण काय काम करतंय ते बघावं लागतं.

आमच्याकडं भोकाचा व्यास तपासायला गो–नो गो गेज असतं. एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. तसं गेज मी आता क्लॉजला, म्हणजे गौणवाक्याला, लावतो. पूर्ण क्लॉज उचलून तिथं 'समथिंग' ठेवायचं. 'आय नो समथिंग' बसतं, म्हणजे नामवाक्य. 'समथिंग, वी स्टॉप द मशीन' बसत नाही. मग क्लॉज वाक्याच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला नेऊन बघायचा. 'वी स्टॉप द मशीन व्हेन द सायरन ब्लोज' असं हलवून अर्थ तोच राहिला तर बहुतेक क्रियाविशेषणवाक्य. नामाला चिकटून बसलेला, हलवला की तुटणारा, तो विशेषणवाक्य. गेज शंभर टक्के नाही, पण तक्त्यापेक्षा लाख पटीनं बरं.

ह्यातून एक जुनं दुखणं बरं झालं. मी वीस वर्षं फोनवर 'कॉल मी व्हेन द ट्रक विल कम' म्हणत आलोय. चूक आहे हे ठाऊक होतं, का चूक ते नव्हतं, कारण 'आय डोंट नो व्हेन द ट्रक विल कम' हे मात्र चोख बरोबर. आता कळलं. काळ किंवा अट सांगणाऱ्या क्रियाविशेषणवाक्यात इंग्रजी भविष्यासाठी 'विल' घालत नाही, साधा वर्तमानकाळ वापरते. नामवाक्यात 'विल' खुशाल चालतं. (काळ-अटीच्या वाक्यात 'विल'चा अर्थ 'तयार असणं' असेल तर गोष्ट वेगळी. 'इफ यू विल वेट अ मिनिट' ही विनंती आहे.) आणि ह्यात नवल वाटायचं कारण नाही. आपण काय म्हणतो? 'ट्रक आला की फोन कर.' ट्रक अजून हायवेलाही लागला नाही आणि आपण 'आला' म्हणून मोकळे. त्यांनी भविष्यासाठी वर्तमान घेतला, आपण तर भूतकाळच घेतला.

पावसाळ्यात ह्याचा सराव आपोआप होतो. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे आपल्या गावात पोरासोरांनाही पाठ. वहीत लिहिलं:

'इफ द वॉटर क्रॉसेस थर्टी-नाइन फीट, वी विल मूव्ह द स्टॉक.'
'नोबडी नोज इफ द वॉटर विल क्रॉस थर्टी-नाइन फीट.'

पहिल्यातला 'इफ' म्हणजे 'जर'. दुसऱ्यातला 'इफ' म्हणजे 'का नाही ते'. त्याच्या जागी 'व्हेदर' ठेवून बघा, बसतो. पहिल्यात बसत नाही. दिसायला जुळे, पण आडनावं वेगळी.

आता ज्या गोष्टीमुळं ह्या वहीची निम्मी पानं खर्ची पडली ती. मार्चमध्ये एका गिऱ्हाईक कंपनीच्या चाळीस कास्टिंगचा (ओतीव नगांचा) लॉट आमच्याकडं मशीनिंगला होता. फेसिंग करताना सहा नगांत ब्लोहोल (ओतताना आत राहिलेल्या पोकळ्या) उघडे पडले. मी रिपोर्टात लिहिलं: 'द कास्टिंग्ज, विच हॅड ब्लोहोल्स, वेअर रिजेक्टेड.' इंग्रजी ऐटबाज दिसावं म्हणून दोन स्वल्पविराम दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "अहो, चाळीसच्या चाळीस रिजेक्ट? आमची लाइन बंद पडंल की!" मी म्हटलं, सहा ओ, सहा. ते म्हणाले, तसं लिहिलेलं नाही. मालकांनी केबिनमध्ये बोलावून रिपोर्ट पुढं सरकवला. मी तो तीनदा वाचला आणि तिसऱ्यांदा घाम फुटला.

त्यांचं बरोबर होतं. स्वल्पविरामाशिवाय लिहिलं असतं तर क्लॉजनं निवड केली असती: ज्यांना ब्लोहोल होते तेवढीच. स्वल्पविराम दिले की निवड संपली. मग 'कास्टिंग' म्हणजे सगळी, आणि ब्लोहोलची गोष्ट जाता जाता दिलेली जादा माहिती. दोन बारीक टिंबांनी चौतीस चांगले नग भंगारात घातले. बोलताना हे थांब्यानं कळतं, कागदावर फक्त स्वल्पविरामानं.

मराठीत हा घोळ सहसा होत नाही, कारण आपली 'जो–तो'ची जोडी निवडच करते. 'ज्या कास्टिंगला ब्लोहोल होते ती रिजेक्ट केली' म्हटल्यावर उरलेली सुटली हे कुणालाही कळतं. आता मी रिपोर्टात निवड करायची असेल तिथं 'विच' ठेवतच नाही, 'दॅट' ठेवतो. स्वल्पविरामानंतरच्या जादा माहितीत 'दॅट' चालत नाही, त्यामुळं हात आपोआप आवरतो.

त्या जोड्यांमुळं उलटा घोळ मात्र होतो. जर–तर, जरी–तरी, जेव्हा–तेव्हा. आपल्याकडं चप्पल एकटी नसते, जोड असतो. म्हणून आपण इंग्रजीतही दुसरी चप्पल शोधतो: 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट द बाउट वॉज हेल्ड.' पाऊस असूनही कुस्ती झाली. पण 'ऑल्दो'नं एक वाक्य गौण केल्यावर 'बट' दोन्ही वाक्यांना सारखा मान द्यायला बघतो. नकाशा काढताना 'बट' ठेवायला जागाच उरत नाही. ऑफिसातली जुनी पत्रं चाळली तर हा 'बट' सगळीकडं. निम्मे माझेच.

दहावीतली भाची सुट्टीला आली होती, तिनं एक गाठ टाकली. कुस्तीची वाक्यं करायची ठरलं होतं (खासबाग म्हणजे आमचं कुस्तीचं मैदान):

'द न्यूज दॅट ही हॅड वन रीच्ड खासबाग.'
'द न्यूज दॅट ही हॅड ब्रॉट रीच्ड खासबाग.'

ती म्हणाली, "मामा, दोन्ही विशेषणवाक्यंच की. मी परीक्षेत असंच लिहिलो आणि एक मार्क गेला." मी पण क्षणभर फसलो. मग तिला म्हटलं, 'दॅट'च्या पुढचं तेवढंच वाच. 'ही हॅड वन', पुरं आहे. 'ही हॅड ब्रॉट'... काय ब्रॉट? तिथं भोक आहे, आणि ते भोक 'दॅट' भरतोय. म्हणजे दुसऱ्यात 'दॅट' क्लॉजच्या आत कर्माच्या खुर्चीवर बसलाय, त्याच्या जागी 'विच'ही चालेल. पहिल्यात त्याला आत खुर्चीच नाही, नुसता वर लोंबकळतोय. तो सगळा क्लॉज म्हणजेच ती बातमी, म्हणून नामवाक्य. मराठीत उलथून बघितलं तेव्हा ती हसायलाच लागली: 'तो जिंकल्याची बातमी' आणि 'त्यानं आणलेली बातमी'. आपण दोन वेगळी रूपं वापरतो आणि आपल्याला पत्ता नसतो.

क्रियाविशेषणवाक्यांचे पोटप्रकार (काळ, स्थळ, कारण, हेतू, परिणाम, अट, विरोध, रीत, तुलना) वहीत आहेत, पण त्यांची यादी करण्यात मला राम वाटत नाही. सीमेवरची वाक्यं आवडतात. 'सिन्स ही लेफ्ट कोल्हापूर, ही हॅज नॉट ईटन अ प्रॉपर मिसळ.' सोडल्यापासून, की सोडल्यामुळं? पुण्यात राहणाऱ्या भावाला विचारलं तर म्हणाला दोन्ही.

दोन ठिकाणी नकाशानं हात टेकले. पहिलं: 'ही गेव्ह मी हिज पांढरा रस्सा, विच सरप्राइज्ड मी.' इथं 'विच' कुठल्या नामाला जोडायचा? रश्श्याचं आश्चर्य नाही, दिल्याचं आहे. सगळं मुख्य वाक्यच त्याचं नाम. मी मुख्य वाक्याभोवती कडं काढून तुटक रेघ कड्याला टेकवतो. शास्त्राला धरून असेल-नसेल, पण खोटी नाही. दुसरं जास्त खट्याळ: 'आय डिड नॉट लीव्ह द तालीम बिकॉज माय नी वॉज हर्ट.' गुडघा दुखावला म्हणून तालीम सोडली नाही. आता सोडली की नाही सोडली? गुडघ्यामुळं गावातच राहिलो आणि तालीम टिकली, हा एक अर्थ. तालीम सोडली खरी, पण कारण गुडघा नव्हे, हा दुसरा. 'नॉट' कुठवर पोचतो त्यावर सगळं आहे, आणि नकाशात 'नॉट' क्रियापदाखाली लटकतो, 'बिकॉज'ची रेघही त्याच क्रियापदाला. दोन अर्थ, चित्र एकच. मराठीतही तीच पंचाईत, फक्त आपण आवाज चढवून निभावतो.

वाचनात एक गोष्ट सापडली ती इथं टाकतो. डेन्मार्कचे भाषातज्ज्ञ येस्पर्सन यांनी 1924 मध्येच विचारलं होतं की 'बिफोर हिज अरायव्हल'मधला 'बिफोर' शब्दयोगी आणि 'बिफोर ही अराइव्ह्ड'मधला उभयान्वयी, हे कशाला? शब्द तोच, पुढं नाम आलं की वाक्य एवढाच फरक. 2002 च्या केंब्रिजच्या व्याकरणात हडलस्टन आणि पुलम यांनी ते शेवटाला नेलं. 'बिफोर', 'बिकॉज', 'ऑल्दो' आणि अटीचा 'इफ', सगळे शब्दयोगींच्या खात्यात. गौणवाक्याची निव्वळ खूण म्हणून उरले मुख्यतः 'दॅट', 'व्हेदर' आणि 'व्हेदर'च्या अर्थाचा 'इफ'. म्हणजे माझ्या पुराच्या वाक्यांतले दोन 'इफ' त्यांनीही दोन घरांत टाकलेत! त्या रात्री जेवण गार झालं.

पाचवी वही महाद्वार रोडवरून आणलीय, बिनरेघांची. तिच्यात 'दॅन' घेतोय. 'दॅन'च्या पुढचं वाक्य निम्मं गिळलेलं असतं आणि नकाशात गिळलेल्या शब्दांच्या जागी फुल्या मारायच्या असतात. पहिल्या पानावर भाचीनं जायच्या आधी लिहून ठेवलंय: 'माय मामा लव्हज ग्रामर मोअर दॅन मी.' फुल्या दोन ठिकाणी बसतात. एका नकाशात ती व्याकरणावर माझ्यापेक्षा कमी प्रेम करते, दुसऱ्यात मी तिच्यावर व्याकरणापेक्षा कमी. दोन्ही काढून फोटो पाठवला. फोन आला, "मामा, खरा कुठला?"