मिक्सरवरची पट्टी

ध्वनिव्यवस्था हा माझा व्यवसाय आणि 'इंडियन ओशन' हा 1990 मध्ये दिल्लीत सुरू झालेला बँड माझ्या विशेष आवडीचा. त्याचे कार्यक्रम मी तिकीट काढून ऐकले आहेत, तसेच मिक्सरमागे, म्हणजे सगळ्या माईकचे आवाज कमी-जास्त करून एकत्र करणाऱ्या यंत्रामागे, उभा राहूनही. मात्र खरे सांगायचे तर मिक्सरमागे गाणे ऐकू येतच नाही, ऐकू येतात ते फक्त दोष.

2003 मध्ये पुण्यातील एका महाविद्यालयाच्या मैदानावर मी त्यांच्यासाठी प्रथम उभा राहिलो. बँडमधले असीम चक्रवर्ती मांडी घालून तबला वाजवत आणि त्याच वेळी गातही असत. श्रोत्यांना त्याचे कौतुक वाटे, आमची मात्र परीक्षा असे. कारण तोंडासमोरचा माईक तबल्यापासून जेमतेम हातभर अंतरावर असल्यामुळे गळा वाढवावा तर त्याबरोबर चाटेचा, म्हणजे तबल्याच्या कडेचा, आवाजही वाढे आणि डग्ग्याचा माईक थोडा जास्त उघडला की मॉनिटर, म्हणजे कलाकारांकडे तोंड केलेला स्पीकर, घुमू लागे. त्या संध्याकाळी 'मा रेवा' हे नर्मदेचे गाणे ऐन रंगात आले असताना नेमके तेच झाले. चूक सर्वस्वी माझी होती. मी घाईघाईने फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, खाली ओढला, गाणे थांबले नाही, पण मी रात्रभर झोपलो नाही.

25 डिसेंबर 2009 रोजी असीम गेले.

2011 मध्ये पुन्हा बँडचे काम आले, तेव्हा आदल्या दिवशी मिळालेल्या यादीत तबल्यापुढे तुहीन चक्रवर्ती आणि गायनापुढे हिमांशू जोशी अशी नावे होती. मी ती वाचली, समजूनही घेतली आणि दुसऱ्या दिवशी मिक्सरवर पांढरी पट्टी चिकटवून मार्करने चॅनेलची नावे लिहीत गेलो. थोड्या वेळाने नव्याने कामाला लागलेला मुलगा हातात माईक आणि केबल घेऊन आला. पट्टी वाचून त्याने विचारले, "दादा, हा 'असीम गळा' कुठे लावायचा?"

मी पट्टीचा तेवढा तुकडा नखाने खरवडून काढला आणि तेथे दुसरा लावला.

तांत्रिकदृष्ट्या तो दिवस सोपा होता. तबला एका बाजूला आणि गायक दुसऱ्या बाजूला, त्यामुळे एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये शिरत नव्हता आणि फीडबॅकचा, म्हणजे त्या घुमण्याचा, प्रश्नच उरला नव्हता. इतके स्वच्छ मिक्स या बँडसाठी मला पूर्वी कधीच जमले नव्हते, तरीही साऊंड चेकमध्ये 'मा रेवा' सुरू झाले तेव्हा मला ते पोकळ वाटले. दोन्ही कलाकार उत्तम होते, उणीव त्यांच्यात नव्हती. ज्या सरमिसळीशी मी इतकी वर्षे झगडलो, तिचीच माझ्या कानाला सवय झाली होती. शेवटी मी तबला आणि गळा एकाच रिव्हर्बमध्ये, म्हणजे खोलीतल्या प्रतिध्वनीचा भास देणाऱ्या परिणामात, किंचित सोडले, म्हणजे निदान दोघे एकाच खोलीत बसल्यासारखे ऐकू आले.