नवा एसएमपीएस, जुनी केबल

पॉवरचं बटण दाबलं की सीपीयूचा पंखा जेमतेम पाव फेरी फिरायचा आणि थांबायचा. मग कितीही वेळा बटण दाबा, मशिन ढिम्म. ज्यांचं मशिन होतं त्या बाई भाषांतराचं काम करतात. जुना एसएमपीएस, म्हणजे मशिनला वीज पुरवणारा डबा (पॉवर सप्लाय), गेला म्हणून त्यांनी स्वतःच नवा आणून बसवला होता, आणि काम नेटकं केलं होतं. २४ पिनचा मोठा प्लग खटका लागेपर्यंत आत, प्रोसेसरजवळचा ८ पिनचाही लावलेला. (हा दुसरा प्लग विसरणारे पुष्कळ भेटतात. मग पंखे फिरतात, पण स्क्रीनवर काही येत नाही.) "दादा, सगळे प्लग मी पुन्हा पुन्हा तपासलेत," त्या म्हणाल्या. ते खरंच होतं.

अशा वेळी पहिला संशय नव्या एसएमपीएसवरच जातो. मला तसं वाटलं नाही. पंखा हलून थांबतो याचा अर्थ बहुतेक वेळा सप्लाय शाबूत आहे, त्याला पुढे कुठेतरी शॉर्ट लागतोय आणि तो स्वतःला बंद करून घेतोय. एकदा असा बंद झाला की बरेच सप्लाय तसेच अडून राहतात. मागचा स्विच बंद करून थोडं थांबल्याशिवाय उठत नाहीत. हे ध्यानात ठेवलं नाही, तर खरा दोष काढल्यावरही मशिन चालू होत नाही आणि बिचाऱ्या मदरबोर्डवर ठपका येतो.

म्हणून प्रत्येक पायरीला स्विच बंद, थोडी वाट, मग पुन्हा बटण. ग्राफिक्स कार्ड काढलं, फरक नाही. हार्डडिस्कची पॉवर केबल काढली आणि मशिन सुरू झालं! विंडोज बोर्डावरच्या एसएसडीत होती, ती व्यवस्थित उघडली. बाईंना हायसं वाटलं. मला मात्र ती केबल नीट बघायची होती, कारण बाकीच्या केबली चपट्या होत्या आणि ही एकटीच जाळीच्या वेष्टणातली.

विचारल्यावर उलगडा झाला. डिस्कची केबल मदरबोर्डाच्या मागून छान बांधलेली होती, म्हणून त्यांनी ती जुन्याचीच ठेवली. नव्या एसएमपीएसमध्ये तिचा प्लग अचूक बसला. "दोन्ही एकाच कंपनीचे आहेत हो," त्या म्हणाल्या. कुणीही हेच केलं असतं. मदरबोर्डाकडच्या आणि डिस्ककडच्या प्लगांच्या पिना ठरलेल्या असतात, पण मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबलींच्या, सप्लायच्या बाजूला कोणत्या खाचेत किती व्होल्ट द्यायचे याचं सर्वमान्य प्रमाण नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही क्रम बदलू शकतो. प्लग बसतो म्हणजे जुळतो असं नाही, आणि हे खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेलं असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

एसएमपीएस बाहेर काढला. मोठ्या प्लगातली १६ नंबरची पिन शेजारच्या ग्राउंडला जोडून तो नुसताच चालू केला आणि जुन्या केबलच्या टोकाशी असलेल्या चार पिनांच्या मोलेक्स प्लगात मल्टिमीटर लावला. जिथे ५ व्होल्ट यायला हवेत तिथे १२. बाईंनी आकडा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या डिस्कवर त्यांचे अनेक वर्षांचे मसुदे आणि शब्दसूची होत्या, दुसरी प्रत नव्हती.

डिस्कचं सर्किट उघडलं. पॉवरच्या प्लगाला लागून दोन काळे चौकोनी तुकडे असतात, टीव्हीएस डायोड. एक १२ व्होल्टच्या वाटेवर, एक ५ च्या. जादा दाब आला की तो अंगावर घेऊन स्वतः शॉर्ट व्हायचं, हेच त्यांचं काम. ५ व्होल्टच्या डायोडवर मीटर अखंड वाजत राहिला. म्हणजे पहाऱ्यावरचा शिपाई पडला होता, आणि सप्लायला लागणारा शॉर्ट तोच होता. त्याने मागचे भाग वाचवलेत का, हे चालवून बघितल्याशिवाय कळणार नव्हतं.

डायोड गरम हवेने अलगद उचलला. शॉर्ट गेला. आता त्या वाटेवर काहीच संरक्षण उरलं नव्हतं, म्हणून नव्या एसएमपीएसच्या स्वतःच्या केबलवर ५ आणि १२ दोन्ही मोजून घेतले, मगच डिस्क लावली. आतल्या तबकड्या फिरू लागल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळाने ड्राइव्ह यादीत दिसला. आधी शब्दसूची उतरवल्या, मग मसुदे, मग बाकीचं. बाईंनी फाइली एकेक उघडून पाहिल्या.

डिस्क पुन्हा रोजच्या कामाला लावू नका असं मी सांगितलं. त्यांनी दोन नव्या घ्यायचं ठरवलं, एक वापरायला, एक प्रतीसाठी. निघताना त्यांनी जुन्या केबलींचं काय करू म्हणून विचारलं. म्हटलं, ताई, जुन्या एसएमपीएसलाच बांधा आणि त्याच्यासोबतच ई-कचऱ्यात द्या, घरात सुट्या ठेवू नका.