गाडी अडली ती अडीच किलोच्या प्लेटवर

बरेच महिने जिम सुटल्यावर परत यायचं म्हटलं की जो तो वेगळीच भीती घालतो. कोणी म्हणतं पहिला आठवडा जीव काढतो, कोणी म्हणतं दम राहत नाही, कोणी थेट वयावर येतं. ते सगळं निभावलं. अडवलं ते ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या चकाचक जिमनं. तिथे एसी आहे, स्टीम आहे, भिंतभर आरसे आहेत, ट्रेडमिलची रांग आहे. सव्वा किलोची प्लेट मात्र नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून बाकीचं आधी भरभर सांगून मोकळा होतो.

सुरुवात जुन्या वजनाच्या निम्म्यापासून करायची. सोडताना १०० किलोनं स्क्वॉटचे (खांद्यावर वजन घेऊन मारायच्या बैठकांचे) ५ रेप्स, म्हणजे ५ आवर्तनं, निघत असतील, तर परतल्यावर ५० लावायचे आणि प्रत्येक व्यायामाचे दोनच सेट (सलग रेप्सच्या फेऱ्या) मारायचे. सेट संपेल तेव्हा अजून ३-४ रेप्स सहज निघाले असते असं वाटायला हवं. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी पूर्ण अंग. ‘आज छाती, उद्या पाठ’ हा प्रकार पहिला महिना नको, कारण एकाच स्नायूवर एका दिवसात बारा-पंधरा सेट पडतात आणि सवय मोडलेल्या स्नायूला ते झेपत नाही. दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं, आणि ते येतं मुख्यतः वजन खाली आणताना पडणाऱ्या ताणामुळे. पहिल्याच दिवशी जोर केला तर तिसऱ्या दिवशी ठाणे स्टेशनचा पूल कठडा धरून उतरावा लागतो. उलट थोडक्यात आवरलं, तर तोच व्यायाम पुढच्या वेळी बराच कमी दुखतो.

एक गोष्ट मात्र गंमतीवारी न्यायची नाही. पहिल्या दिवसांतल्या अति व्यायामानंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, अंग सुजलं, ताकद एकदम गेली, तर घरी ताक पीत बसू नका. स्नायू तुटून त्यातलं प्रथिन मूत्रपिंडात अडकतं आहे, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. बीपी, हर्निया किंवा छातीचा काही इतिहास असेल, तर बारला, म्हणजे वजनाच्या दांडीला, हात लावण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या.

ताकद परत येते ती कमावली त्याच्यापेक्षा कितीतरी लवकर. एक कारण मेंदू आणि नसांचं: हालचाल कशी करायची ते शरीर विसरत नाही. दुसरं स्नायूच्या आतलं. ऑस्लो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये उंदरांवर दाखवलं होतं की, मेहनतीनं स्नायूपेशीत वाढलेली केंद्रकं स्नायू बारीक झाला तरी बराच काळ टिकून राहतात. माणसात हे नेमकं किती लागू पडतं यावर वाद आहे, पण पूर्वी व्यायाम केलेल्या माणसाचं बारवरचं वजन भराभर चढतं हे कुठल्याही जिममध्ये दिसतं. म्हणून स्क्वॉट आणि डेडलिफ्टला (जमिनीवरून बार उचलायला) दर खेपेला ५ किलो वाढवत नेलं तरी सुरुवातीला चालून जातं. तिथे काही अडलंच नाही, त्यामुळे त्याबद्दल सांगण्यासारखंही फार नाही.

अडली ती ओव्हरहेड प्रेस. उभं राहून, खांद्यावरून डोक्यावर, पायाचा झटका न देता.

हिशेब साधा आहे. ऑलिम्पिक बार २० किलोचा. जिममधली सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची. बारला दोन्ही बाजूंनी लावावी लागते, म्हणजे सर्वांत लहान उडी ५ किलोची. ८० च्या स्क्वॉटवर ५ किलो म्हणजे सहा टक्के. ३० च्या प्रेसवर तेच ५ किलो म्हणजे जवळजवळ सतरा टक्के. खांदा आणि ट्रायसेप्स (दंडाची मागची बाजू) हे लहान स्नायू, त्यांना एका खेपेत सतरा टक्के कुठून झेपणार? ३० किलोचे ५ रेप्स आरामात निघतात आणि ३५ लावलं की पहिलाच रेप कपाळाशी अडकतो. मग लोक कंबर मागे वाकवून बार ढकलतात, आणि कमरेत लचक भरली की ‘मला प्रेस सूट होत नाही’ म्हणून तो व्यायामच सोडून देतात. दोष व्यायामाचा नसतो, उडीचा असतो.

काउंटरवर विचारलं तर उत्तर आलं, “कोणी मागतच नाही सर.” ट्रेनरचं उत्तर त्याहून भारी: “सर, सव्वा किलोनं काय होतं? पीटी (पर्सनल ट्रेनिंग) घ्या, मी काढून देतो ३५.” अख्ख्या जिममध्ये सव्वा किलोची एकच प्लेट सापडली, तीही इन्क्लाइन बेंचच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली टेकू म्हणून सरकवलेली. ती काढली असती तरी जोडी होत नव्हती. ऑर्डर दिली आहे, पुढच्या आठवड्यात येतील, हे पालुपद नंतर इतक्या वेळा ऐकलं की विचारणंच सोडून दिलं.

“रेप्स वाढवा, मग वजन वाढवा” हा सल्ला सगळे देतात. चुकीचा नाही, पण किती वाढवायचे ते कोणी सांगत नाही. एप्लीच्या सूत्रानं अंदाज काढता येतो: वजन गुणिले (१ + रेप्स भागिले ३०) म्हणजे एका रेपची कमाल ताकद. ३५ किलोचे ५ रेप्स निघायला ती कमाल साधारण ४१ किलो हवी. ३० किलोवर तेवढी ताकद दाखवायची तर ११ रेप्स निघाले पाहिजेत. म्हणजे ८ निघाले म्हणून ३५ वर उडी मारणारा हमखास आपटतो, कारण त्या ताकदीत ३५ चे दोन-तीनच रेप्स बसतात. पण दोन्ही बाजूंना अर्ध्या-अर्ध्या किलोची प्लेट लावून उडी ५ ऐवजी १ किलोची केली, तर ३१ चे ५ रेप्स काढायला ३० चे जेमतेम ६ पुरतात. ५ वरून ११ पर्यंत रखडत जायचं की ६ निघाले की पुढे सरकायचं, एवढा फरक त्या चिमुकल्या प्लेटचा आहे.

डंबेलवर जाऊन सुटका होत नाही. रॅकवर १० नंतर थेट साडेबारा, ही तर पंचवीस टक्क्यांची उडी झाली. स्मिथ मशीनवर (यात दांडी उभ्या रुळांवर सरकते) उडी लहान होत नाहीच, वर तिच्या दांडीला बऱ्याचदा आतून प्रतिवजन असतं, त्यामुळे आपण नक्की किती उचलतोय याचाही पत्ता लागत नाही.

यातून वाट काढली ती दोन प्रकारे. तात्पुरती म्हणजे पायाला बांधायची वेल्क्रोची अर्धा किलोची वजनं. खेळाच्या सामानाच्या दुकानात जोडी मिळते. बारच्या दोन्ही टोकांना प्लेटच्या बाहेर घट्ट गुंडाळायची, वरून क्लिप लावायची. दिसायला विचित्र, पण १ किलो भरतो.

पक्की वाट वागळे इस्टेटची, म्हणजे ठाण्याच्या कारखान्यांच्या वस्तीची. लेझर कटिंग करणाऱ्याकडून माइल्ड स्टीलच्या ६ मिलिमीटर पत्र्याच्या चकत्या कापून घ्यायच्या. बाहेरचा व्यास १२७ मिलिमीटर, मधलं भोक ५१ मिलिमीटर. स्टीलची घनता ७.८५ धरली की चकती बरोबर ५०० ग्रॅमची होते. त्याआधी आपल्या बारचं टोक व्हर्निअरनं मोजा. ऑलिम्पिक बारचं टोक ५० मिलिमीटरचं असतं, पण अनेक जुन्या जिममधल्या दांड्या २८ च्या आसपास असतात. तशी दांडी असेल तर भोक ३० आणि व्यास १२०, वजन तेच. सव्वा किलोची हवी असेल तर १० मिलिमीटर जाडी, १५१ व्यास, ५१ भोक. तोंडी सांगू नका, कागदावर आकृती काढून मापं लिहून द्या, नाहीतर भोक ५० चं कापून मिळतं आणि बारवर चढत नाही. दोनच चकत्या म्हटल्यावर कारागीर नाक मुरडतो. भंगारातला उरलेला तुकडा चालेल म्हणालात की पटकन तयार होतो. कडा कानशीनं घासून घ्या, नाहीतर बोट कापतं.

दांडीचं म्हटलं तर हेही करून बघा. जिमनं सांगितलेल्या वजनावर विसंबू नका. वजनकाट्यावर आधी नुसते उभे राहा, मग दांडी घेऊन उभे राहा, वजाबाकी करा. २० ची म्हणून दिलेली १५ ची निघू शकते. रबराच्या प्लेट्सही छापलेल्या आकड्याला इमानदार नसतात. अर्धा किलोचा हिशेब ठेवायचा असेल तर दर वेळी त्याच दोन प्लेट्स वापरा, मागे खडूनं खूण करून ठेवा.

रॅकसाठी (बार टेकवायच्या चौकटीसाठी) ताटकळायचं नसेल तर संध्याकाळी ७ ते ९ टाळा. लोकलमधून उतरलेलं अर्धं ठाणं तेव्हा तिथेच असतं. सकाळी ६ ला किंवा रात्री साडेनऊनंतर रॅक मोकळा मिळतो. आणि जानेवारीचा पहिला पंधरवडा असेल तर देवच वाली.

प्रेसच्या आधी छातीचे व्यायाम नकोत, ट्रायसेप्स आधीच थकतात. बार बोटांवर नको, तळव्याच्या टाचेवर हवा, मनगट सरळ. बार चेहऱ्यासमोरून जाताना हनुवटी मागे घ्यायची आणि बार कपाळाच्या वर गेला की डोकं पुढे. बहुतेकांचा रेप अडकतो तो इथेच, कारण डोक्याला वळसा घालून बार पुढच्या पुढे लांब जातो. दोन सेटच्या मध्ये ३ मिनिटं विश्रांती घ्या. मागे रॅकसाठी उभे असलेले उसासे टाकतील, टाकू द्या.

कोपराच्या आतल्या बाजूला सकाळी कळ येऊ लागली तर थांबायची वेळ आली आहे. स्नायू आठवड्यांत सावरतो, पण स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरांना महिने लागतात. वजन १० टक्के उतरवा आणि रेप्स सावकाश करा, खाली आणताना ३ सेकंद मोजून.

खाण्याचं थोडक्यात: शरीराच्या दर किलोमागे दिवसाला १.६ ग्रॅम प्रथिनं. ७० किलोच्या माणसाला ११२ ग्रॅम. वरण-भातावर एवढं भरत नाही. एका अंड्यात ६, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, ५० ग्रॅम कोरड्या सोया वडीत २५, १०० ग्रॅम शिजलेल्या चिकनच्या छातीत ३० च्या वर. क्रिएटिन मोनोहायड्रेट (ताकदीसाठी घ्यायची पूरक पावडर) रोज ३ ते ५ ग्रॅम, कुठल्याही वेळी. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर नाही. दम वाढवायला उपवन तलावाला चक्कर पुरते, येऊरच्या डोंगराचा चढ दुसऱ्या महिन्यात.

चकत्यांना घरी नेल्या नेल्या रेड ऑक्साइडचा हात द्या आणि वर काळा ऑइल पेंट. पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत उघडं लोखंड रातोरात गंजतं, आणि घाम लागला की बॅगेतल्या टॉवेलवर तांबडे डाग पडतात. नाव पेंटनं ठळक लिहा. जिममध्ये ठेवून येऊ नका, बेंचचा दुसरा पायही डुगडुगतोच आहे.