आधी बिल दाखवा, मग गच्चीवर चढू

सोलापुरात आमचं मूळ दुकान मोटार रिवाइंडिंगचं. राज्यात 2015 साली नेट मीटरिंगचे, म्हणजे सोलरची जादा वीज लाइनला देऊन तेवढे युनिट बिलातून वजा करून घ्यायचे, नियम आले आणि पुढच्याच वर्षी मी सोलरचा बोर्ड लावला. भांडवल काय, तर आमच्याकडं उन्हाला तोटा नाही, एवढंच.

पहिली साइट बहिणीच्या घरची, 2 किलोवॅट. एप्रिलच्या भर दुपारी दाजी इन्व्हर्टरसमोर, म्हणजे पॅनलची वीज घरात चालेल अशी करणाऱ्या पेटीसमोर, उभे आणि आकडा दीड किलोवॅटच्या पुढं सरकेना. "पाव्हणं, एवढ्या उन्हात दीडच?" मला काही बोलता येईना. रात्री पॅनलची माहितीपत्रिका घेऊन बसलो. पॅनलवर छापलेले वॅट सेलचं तापमान 25 अंश धरून मोजलेले असतात. आमच्याकडं उन्हाळ्यात पॅनल 65 अंशांपर्यंत तापतं, आणि दर अंशाला साधारण 0.4 टक्के पॉवर उतरते. म्हणजे 16 टक्के तिथंच गेले. वर धूळ, वायर, इन्व्हर्टर यांचा वाटा वेगळा. शिवाय तीननंतर पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनलवर यायची. पॅनल सगळे एका माळेत, त्यामुळं एकाचं दुखणं सगळ्या माळेला. पदरचे पैसे घालून पॅनलचा सांगाडा सरकवला.

तेव्हापासून आम्ही गच्ची नंतर बघतो, आधी वर्षभराची बिलं मागतो. 1 किलोवॅटला दिवसाला सरासरी 4 युनिट, महिन्याला 120. घरात महिन्याला 300 युनिट जळत असतील तर अडीच येतं, म्हणून 3 किलोवॅट: 540 वॅटचे सहा पॅनल आणि सावली नसलेली साधारण 300 चौरस फूट जागा.

2024 ला पीएम सूर्यघर योजना आली आणि जो तो 3 किलोवॅटच मागू लागला, कारण 78 हजारांचं अनुदान तिथं पूर्ण होतं. एका काकूंचा वापर जेमतेम 110 युनिट. म्हटलं, "काकू, एकच किलोवॅट बसवा. वर्षाअखेर उरलेल्या युनिटना घरगुती दराचा भाव येत नाही." गिऱ्हाईक लहान झालं, पण त्यांच्या गल्लीतून पुढं चार कामं आली. लाइट गेली की बॅटरीविना सोलरही बंद पडतं, आपली वीज उलटी लाइनमध्ये जाऊन खांबावरच्या वायरमनच्या जिवावर बेतू नये म्हणून, हेही आता ॲडव्हान्स घेण्याआधीच सांगतो. पूर्वी यावरून शिव्या खाल्ल्यात.

दाजी अजून रोज संध्याकाळी व्हॉट्सॲपवर दिवसभराच्या युनिटचा आकडा टाकतात. ऑगस्टात एकदा लिहिलं होतं, "आज तीन. पाव्हणं, ऊन कुठं ठेवलंय?"