मार्शल हल्ला: कोपऱ्यात अडकलेला हत्ती

आज बुद्धिबळाच्या पटावर न्यूयॉर्क, १९१८चा डाव. पांढऱ्या बाजूला क्यूबाचा कापाब्लांका, काळ्या बाजूला अमेरिकेचा मार्शल. (घरांची नावं: ए ते एच हे उभे स्तंभ, १ ते ८ या पांढऱ्याकडून मोजलेल्या रांगा.) सुरुवात रुय लोपेझ या जुन्या पद्धतीची, सारं वहिवाटीचं. मग आठव्या चालीला पांढऱ्याने प्यादं सी३वर नेलं आणि काळ्याने उत्तरादाखल प्यादं डी५वर ढकललं, ई५चं प्यादं सोडून. मार्शलने हा बेत कित्येक वर्षं खास याच प्रतिस्पर्ध्यासाठी राखला होता, ही दंतकथा ऐकायला छान.

सी३ खेळलं की बी१च्या घोड्याचं हक्काचं घर जातं, पांढऱ्याची वजिराकडची बाजू रखडते. डी५ मध्ये दम येतो तो त्यामुळे.

अकराव्या चालीला पांढरा हत्ती ई५वर आला, तेव्हा मार्शलने डी५चा घोडा एफ६वर मागे घेतला. मग काळ्याचा उंट डी६, घोडा जी४, वजीर एच४ आणि पंधराव्या चालीला घोड्याने एफ२चं प्यादं मारलं. इथे पांढऱ्या वजिराने घोडा मारला तर पांढऱ्याचा डाव संपतो, पण काळ्याने क्रम पाळला तरच. आधी उंटाचा एच२वर शह, राजा एफ१, मग उंट जी३. शह न देता थेट जी३ खेळलं तर पांढरा वजीर एफ७वर स्वतःचा बळी देतो. हत्तीने तो मारला की बी३च्या उंटामुळे तो हत्ती जखडतो (हलला तर स्वतःच्याच राजाला शह बसेल) आणि ई८वर मात. राजा एफ१वर असेल तर तोच हत्ती वजीर मारताना उलटा शह देतो.

कापाब्लांकाने हत्ती ई२ खेळून हे सगळं टाळलं, राजाला सी२पर्यंत चालवत नेलं. ए८चा काळा हत्ती हलला बाविसाव्या चालीला; तोवर पांढऱ्याकडे एका हत्तीच्या बदल्यात दोन हलकी मोहरी (घोडा-उंट) होती. पुढे काळा वजीर जी१वर कोंडला, पांढऱ्याचं बी-प्यादं सातव्या रांगेत पोचलं, छत्तिसाव्या चालीला कापाब्लांकाने डाव जिंकला. बचाव अफाटच, पण माझ्या मते हल्ला एका मोहऱ्याने, कोपऱ्यातल्या ए८च्या हत्तीने, कमी पडला.

हल्ली प्रचलित असलेली चाल, अकराव्याला मार्शलच्या घोडा एफ६ऐवजी प्यादं सी६, नेमकी तिथे उपयोगी. घोडा डी५वरच टिकतो. डी४, उंट डी६, हत्ती ई१, वजीर एच४ नंतर जी३ खेळावंच लागतं. एच३ केलं तर सी८चा उंट तिथे बळी जाऊन तटबंदी फोडतो. जी३नंतर काळ्याचा वजीर एच३, उंट जी४, ए८चा हत्ती ई८वर आणि बहुधा पुढे ई६वर. प्यादं कमी असूनही काळा बरोबरी राखतो. म्हणूनच बरेच ग्रँडमास्टर आठव्या चालीला सी३ऐवजी ए४ किंवा एच३ खेळून हा रस्ताच टाळतात.